आधी म्हशींची जागा सांगा, मग आम्हाला हलवा

जुलै उजाडला की बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या निपाणी-चिकोडी भागात दरवर्षी तीच बातमी छापून येते. कारदगा-भोज बंधारा पाण्याखाली, जत्राट-भिवशी पाण्याखाली, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर पाण्याखाली. गावांची नावं पोरांनाही पाठ झाली आहेत. बातमीच्या शेवटी एक ओळ असते, ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ आता सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? उशाला बॅटरी घेऊन रात्रभर जागायचं?

पूर ओसरला की दुसरी तक्रार सुरू होते. लोक ऐकत नाहीत, गळ्याशी पाणी येईपर्यंत घर सोडत नाहीत, मग बोटी घालाव्या लागतात. बेळगाव-पुण्यात नोकरीला असलेली आमचीच माणसंही हे म्हणतात. मला हे पटत नाही. नदीकाठचा माणूस इशारा कान देऊन ऐकतो. पण त्याला जे विचारायचं असतं त्याचं उत्तर त्या इशाऱ्यात नसतं.

इशाऱ्यात असतो रंग, नाहीतर क्युसेक. आज ऑरेंज, उद्या रेड. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे गणित कागदावर ठीक आहे. शेतकऱ्याला कळायला हवं ते असं, की पाणी मळीच्या रानात कधी येणार, परड्यात कधी आणि मारुतीच्या पायरीला कधी. ते कुणी सांगत नाही, म्हणून प्रत्येक जण जुन्या खुणेवर हिशेब करतो. ‘२००५ ला इथवर आलं नव्हतं’ या एका वाक्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये कितीतरी घरं बसून राहिली. तेव्हा यमगर्णीजवळ वेदगंगा थेट हायवेवर आली होती. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच, फक्त खूण २०१९ ची.

कोल्हापूरकरांचं या बाबतीत बरं आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा आकडा तिथे चहाच्या गाड्यावरही चालतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका. दोन्ही महापुरांत तो ५५ च्या वर गेला होता. कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरतं हे तिथल्या माणसाला माहीत असतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळून आमच्याकडे येते, म्हणून येडूर-मांजरीची माणसंही तोच आकडा बघतात. दूधगंगा-वेदगंगेच्या काठाला असा सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा नाही. पुलाच्या खांबावर ठळक फूटपट्टी रंगवायची आणि कितव्या फुटाला कोणती गल्ली, हे पंचायतीच्या भिंतीवर लिहायचं. खर्च किती, तर रंगाच्या दोन डब्यांचा.

आणि आमच्याकडे पूर पावसातच येतो असंही नाही. वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. कोयनेकडून आलेलं पाणी घेऊन कृष्णाच तुडुंब असली तर आमच्या नदीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. गावात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि पाणी मात्र बोट-बोट चढत असतं. अशा उन्हात पोलीस येऊन ‘चला, निघा’ म्हणाले तर म्हातारी माणसं हसणारच. दोनदा निघालो आणि पाणी आलंच नाही, असंही घडतं. तिसऱ्या खेपेला पाय उचलत नाही, यात अडाणीपणा कसला? पाणी का चढतंय हे दोन वाक्यांत समजावून सांगितलं तर फरक पडेल.

खरा इशारा आमच्याकडे येतो तो पाहुण्यांच्या फोनवरून. वेदगंगा गारगोटी, मुरगूडवरून खाली येते आणि तिकडे प्रत्येकाची कुणीतरी आत्या, मावशी, लेक दिलेली असते. ‘आमच्या पुलाला लागलं बघ, तुम्ही जित्राबं हलवा’ एवढा फोन आला की गाव उठतं. सरकारी निरोपाची वाट लांबची. धरण महाराष्ट्रात, गाव कर्नाटकात. निरोप कोल्हापूरहून बेळगावला, तिथून तहसीलला, मग पंचायतीला आणि शेवटी कचरागाडीच्या भोंग्यावर, तोही बहुधा कन्नडमध्ये. यात मला सीमावाद आणायचा नाही, त्याला वर्षाचे बाकीचे महिने पडले आहेत. पण ज्या आजीला कन्नड कळत नाही तिला पुराचा निरोप मराठीत मिळायला काय हरकत आहे? काळम्मावाडी प्रकल्प दोन्ही राज्यांचा आहे. मग विसर्गाचा निरोप दोन्हीकडच्या काठावर एकाच वेळी का पोचू नये?

आता मुख्य गोष्ट. त्या पाहुण्यांच्या फोनमध्ये माणसं हलवा असं नसतं, जित्राबं हलवा असं असतं. सगळी मेख इथे आहे. आमच्याकडे घरटी दोन-तीन म्हशी असतात आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर घर चालतं. काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांचा तात्पुरता निवारा, शाळेत उघडतं. तिथे माणसांना भात-आमटी मिळते. जनावरांचं नाव आदेशात शेवटच्या ओळीत असतं, कधी नसतंही. मग बायका-पोरं शाळेत आणि घरचा एक पुरुष गोठ्यात, असं घर दुभंगतं. बोटीनं काढावा लागतो तो हाच माणूस. त्याला हट्टी म्हणणाऱ्यांनी म्हशीची किंमत विचारून बघावी. जिथे चारा छावणी वेळेवर पडते, वैरण आलेली दिसते, पाण्याची टाकी असते, तिथे लोक न सांगता निघतात. म्हणून माझं म्हणणं, क्रम उलटा करा. पहिली घोषणा माळावरच्या कुठल्या जागेत दावण बांधायची याची, वैरण कुणाकडून येणार याची. माणसं जनावरांच्या मागोमाग येतील.

ही घोषणा करायची कुठे, तर दूध संस्थेत. सकाळ-संध्याकाळ जनावरवालं प्रत्येक घर तिथे किटली घेऊन येतं. कुणाकडून रोज किती दूध येतं ते रजिस्टरला असतं, त्यावरून कुणाच्या दावणीला किती जनावरं हे सेक्रेटरी सहज सांगेल. मोबाईलवरच्या संदेशावर फार विसंबू नये. पुरात आधी लाईट जाते, मग टॉवर, आणि फोन तर त्याआधीच बंद पडलेला असतो.

वळवाच्या विजेची गोष्ट वेगळी. तिथे हलवाहलव नसते, वेळही नसतो. वीज पडण्याचा इशारा देणारं पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, कर्नाटकचं ‘सिडिलु’ आहे, घरातल्या पोरांनी मोठ्यांच्या फोनमध्ये घालून द्यावं. आणि आंब्याखाली थांबू नका, एवढं तरी शेतावरच्या बायकांना सांगावं.

पंचनाम्याचंही एक आहे. घर सोडलं तर यादीतून नाव गळेल ही भीती खोटी नाही, सामान चोरीला जाईल ही पण नाही. निघतानाच घराचा फोटो काढून नोंद करून द्या आणि गल्लीत राखणीला माणूस ठेवा. यंदाच्या ग्रामसभेत या दोन गोष्टी आणि छावणीची जागा लेखी मागायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. काठावरच्या बाकीच्या गावांनीही मागावं, तारीख जूनच्या आतली धरावी. जुलैत ठराव करून वैरण मिळत नाही.