पदकाची नोंद राहिली म्हणून डिस्चार्ज बुक कुणाच्याही हवाली करू नका

गेल्या रविवारी सकाळी सुभेदारकाका लष्करातून निवृत्त होताना मिळालेलं डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आमच्या दारात आले. "पोरी, याचे फोटो काढून या नंबरावर टाक. आणि मूळ पुस्तक कुरिअरने धाडायचंय, तेवढं पाकीट करून दे." माझ्या वडिलांच्या, आबांच्या बरोबरीचा हा माणूस, वय शहाऐंशी. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा एवढाच कागद त्यांच्याजवळ उरला आहे, आणि तो ते अनोळखी माणसाला पाठवायला निघाले होते.

कारण म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज. संध्याकाळपर्यंत तोच आबांच्या फोनवरही तीन जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: ज्या मेडलची नोंद डिस्चार्ज बुकात राहून गेली आहे, त्या प्रत्येक मेडलमागे दरमहा २,००० रुपये मिळतात, तेही पेन्शनवर आल्याच्या दिवसापासूनच्या थकबाकीसह. ३१ मार्चनंतर रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं लष्कराचं कार्यालय, जुने कागद जाळून टाकणार आहे. पुराव्याची गरज नाही, दोन साथीदारांचं प्रतिज्ञापत्र पुरतं. रेकॉर्ड ऑफिस तुमची पत्रं उघडतसुद्धा नाही, म्हणून काम आमच्यामार्फतच करा. मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार पाठवा, ओटीपी आला की कळवा. फाइलचा खर्च २,५०० रुपये.

आबांच्या एका राहून गेलेल्या पदकासाठी मी स्वतः अडीच वर्षं कागद हलवले आहेत. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आधी पैशांचं बघू, कारण सगळे भुलतात ते तिथेच. हे २,००० रुपये आले कुठून? ते हवेतून आलेले नाहीत. शौर्यपदकांना दरमहा भत्ता असतो आणि संरक्षण मंत्रालयाने २०१७ मध्ये तो दुप्पट केला. १ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेले दर असे: परमवीर चक्र २०,०००, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि शौर्यासाठी दिलेलं सेना मेडल २,०००. मेसेजातला आकडा या यादीच्या शेवटच्या ओळीतून उचललेला आहे.

गोम पदकाच्या नावात आहे. 'सेना मेडल' वेगळं आणि 'सैन्य सेवा मेडल' वेगळं. सेना मेडल हा व्यक्तीचा सन्मान आहे. त्यासाठी शिफारस होते आणि नाव भारताच्या राजपत्रात छापून येतं. त्यातही शौर्यासाठी मिळालं असेल तरच भत्ता असतो. विशिष्ट सेवेसाठी मिळालेल्या सेना मेडलला भत्ता नाही. सैन्य सेवा मेडल कठीण हवामानाच्या, खडतर भागात ठरावीक काळ नोकरी केल्याबद्दल मिळतं. त्या भागाचं नाव लिहिलेली पट्टी रिबनवर लागते. आपल्याकडच्या कितीतरी जवानांच्या छातीवर ते आहे आणि त्याला दमडीचाही भत्ता नाही. समर सेवा स्टार, रक्षा मेडल, १९७१ च्या लढाईची पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडल, १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांना मिळालेलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, या सगळ्यांचं तसंच आहे. मान आहे, पैसा नाही.

काकांनी मेसेज वाचून हिशेब मांडला होता. चार मेडल, दरमहा आठ हजार, चाळीस वर्षं, म्हणजे ३८ लाख ४० हजार. वहीच्या मागच्या पानावर त्यांनी तो आकडा लिहून ठेवला होता, नातवाच्या शिक्षणासाठी. तो कागद बघून माझ्या पोटात कालवलं. जो भत्ता त्या पदकांना कधीच नव्हता, त्याची थकबाकी येणार कुठून? शौर्याच्या सेना मेडलचासुद्धा भत्ता ऑगस्ट २०१७ आधी महिना १,००० होता. म्हणजे ज्यांना तो खरोखर मिळतो, त्यांनाही कुणी चाळीस वर्षांचे दोन-दोन हजार मोजून देणार नाही. शौर्यपदकाच्या बाबतीत आणखी एक लक्षात घ्या. ते राजपत्रात आलेलं असतं, संरक्षण मंत्रालयाच्या शौर्यपुरस्कारांच्या संकेतस्थळावर चक्रांच्या मानकऱ्यांची नावं शोधता येतात. ते 'राहून गेलं' की नाही, हे कुरिअर न करता घरबसल्या बघता येतं.

जाळण्याचा मुद्दा. इथे अर्धं सत्य आहे आणि ते मला कबूल करावं लागतं. ज्यांना पेन्शन लागू झाली नाही, जे मधेच नोकरी सोडून आले, त्यांची सेवा-कागदपत्रं लष्कराच्या नियमांप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट केली जातात. लाँग रोल नावाच्या नोंदवहीत तेवढी नोंद उरते. अशा घरांनी उशीर करू नये, हे खरंच. पण तो नियम जुना आहे. तो प्रत्येकाची नोकरी सुटल्याच्या तारखेपासून मोजला जातो, साऱ्या देशासाठी एका ३१ मार्चला येत नाही. मुदतीचा दुसरा खरा मुद्दा सैन्य दल न्यायाधिकरणाचा, म्हणजे सैनिकांच्या नोकरीच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टाचा. २००७ च्या कायद्याप्रमाणे अंतिम निर्णय हाती आल्यापासून सहा महिन्यांत तिथे जावं लागतं, आणि सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. त्याचं एक खंडपीठ मुंबईतच आहे. नोंद दुरुस्त करून द्या, असा रेकॉर्ड ऑफिसला साधा अर्ज करायला यातलं काहीही आडवं येत नाही. आबांची नोंद सुधारली तेव्हा लढाईला पन्नास वर्षं होऊन गेली होती.

प्रतिज्ञापत्राचं थोडक्यात सांगते. साथीदाराचा शब्द आधाराला चालतो, पण पदक त्यावर ठरत नाही. ते ठरतं पार्ट टू ऑर्डरवर. जवान कुठे होता, कधी गेला, कधी परतला, कशाला पात्र ठरला हे युनिट त्या ऑर्डरमध्ये काढतं. त्यावरून रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, नोंद होते आणि शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरते. या तीन पायऱ्यांपैकी एखादी निसटली की पदक निसटतं. निसटतं ते बहुतेक वेळा हॉस्पिटलात असलेल्या, कोर्सला गेलेल्या किंवा दुसऱ्या युनिटला अटॅच केलेल्या, म्हणजे तात्पुरत्या जोडलेल्या, माणसाचं. आबा ड्रायव्हर. १९७१ च्या डिसेंबरात त्यांची पलटण मागे होती आणि ते गाडीसह पूर्वेच्या एका युनिटला अटॅच होते. पलटणीबरोबर त्यांना संग्राम मेडल मिळालं. पूर्वेच्या आघाडीवरच्यांना मिळणाऱ्या पूर्वी स्टारच्या यादीत मात्र पलटणीने त्यांचं नाव घातलं नाही, कारण पलटण तिथे नव्हती, आणि त्या युनिटनेही घातलं नाही, कारण माणूस त्यांचा नव्हता. दोन याद्यांच्या मधल्या फटीत माझे वडील पन्नास वर्षं राहिले. ही फट बुजवायला दोन साथीदार पुरत नाहीत, अटॅचमेंटचा कागद लागतो. आणि कुणी सांगतंय म्हणून खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही केली, तर फौजदारी गुन्हा सही करणाऱ्या म्हाताऱ्यावर दाखल होऊ शकतो.

रेकॉर्ड ऑफिस पत्र उघडत नाही, हा आरोप मी खोडून काढणार नाही. आबांनी हाताने लिहून धाडलेल्या चार अर्जांना उत्तर आलं नव्हतं. पाचव्याला 'रेकॉर्डप्रमाणे पात्र नाही' असं एका ओळीचं पत्र आलं. पदकंही उशिरा मिळतात. पेन्शनवर आलेले किती जण बाजारातून नकली मेडल विकत घेऊन २६ जानेवारीला लावतात, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. ही लाज सरकारची आहे, त्या जवानांची नाही. पण या दिरंगाईवरचा उपाय दहा रुपयांत मिळतो, त्याला २,५०० लागत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज करून स्वतःच्या शीट रोलची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागायची. हे केंद्राचं खातं आहे, म्हणून आपल्याकडच्या सवयीने कोर्ट फी स्टँप चिकटवू नका, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर अपील करायचं. आम्हाला प्रत दीड महिन्याने मिळाली. तिच्यात आबांची अटॅचमेंट तारखेसकट होती. ज्या माणसाला 'पात्र नाही' म्हणून कळवलं होतं, त्याच्या पात्रतेचा कागद त्याच कार्यालयात पडून होता. ती प्रत जोडून नवा अर्ज केला आणि चौदा महिन्यांनी नोंद मंजूर झाली.

आता सगळ्यात घातक मुद्दा. मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि ओटीपी. या चार गोष्टी एका हातात गेल्या तर माणसाचं काय उरतं? पीपीओवर पेन्शनचा सगळा तपशील असतो. आता पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेवर आहे, तिथला ओटीपी सांगणं म्हणजे पेन्शनच्या खात्याची किल्ली देणं. बँकेचा ओटीपी असेल तर महिन्याची पेन्शन त्याच दुपारी गेली म्हणून समजा. पदकाच्या नोंदीसाठी ओटीपी लागतो हे म्हणणंच खोटं आहे. नोंद होते कागदावर, शाईने आणि शिक्क्याने.

आणि डिस्चार्ज बुक! ते हरवलं तर पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुन्हा रेकॉर्ड ऑफिसच्या फेऱ्या. मुलांचे दाखले, माजी सैनिकाचं ओळखपत्र, उद्या पत्नीची कौटुंबिक पेन्शन, सगळीकडे तेच मागतात. नोंद चढवण्यासाठी मूळ पुस्तक मागवलं जाऊ शकतं, हे खरं आहे. आमच्याकडूनही मागवलं होतं. पण ते मंजुरीनंतर, रेकॉर्ड ऑफिसच्या सही-शिक्क्याच्या पत्राने. प्रत्येक पानाची झेरॉक्स ठेवून आम्ही ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलं आणि पोच घेतली. ते परत येईपर्यंतचे दोन महिने आबा रोज पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायचे. सरकारी पत्रावर दिलेलं पुस्तक असूनही ही त्यांची गत, आणि काका ते फोनवरच्या एका नंबराला द्यायला निघाले होते.

काकांचा प्रश्नही खोटा नाही. त्यांच्या पुस्तकात वीस वर्षांच्या सेवेच्या मेडलची नोंद खरंच नाही, आणि नोकरी अठ्ठावीस वर्षांची. "पैसे नसले तर नसू देत, पण ते माझं आहे," असं ते म्हणाले, आणि मला तेवढं पुरे. त्याच दुपारी अर्ज लिहिला. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, शेवटचं युनिट, कोणतं मेडल आणि कोणत्या सेवेबद्दल, डिस्चार्ज बुकाच्या संबंधित पानांच्या झेरॉक्स आणि एकच मागणी: पात्रता तपासून नोंद करावी, नसल्यास कारण लेखी कळवावं. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज वेगळ्या पाकिटात. सोमवारी दोन्ही पाकिटं स्पीड पोस्टाने गेली. पावत्या काकांनी डिस्चार्ज बुकातच ठेवल्या आहेत आणि पुस्तक त्यांच्या घरी, ट्रंकेत आहे.