हौद्याचं लोणचं

माझा ट्रक २००६ सालचा आहे आणि तो मी का घेतला, याचं उत्तर घरात अजून कोणालाही पटलेलं नाही. मिशिगनमध्ये राहतो, तर दारात एक पिकअप असावा, एवढंच माझं म्हणणं होतं. आधीच्या मालकाने अभिमानाने सांगितलं होतं, "हौद्याला पहिल्या दिवसापासून प्लॅस्टिकचं लायनर आहे. एक ओरखडा सापडला तर बोला." खरंच सापडला नाही. लायनरवर.

हे लायनर म्हणजे जाड काळ्या पॉलिथिलीनचं, साडेसहा फूट लांबीचं अखंड घमेलं. त्यात ठेवलेली वस्तू जागेवर राहत नाही. गेल्या गणपतीत मंडळासाठी मसालेभाताचं पातेलं नेलं. सिग्नलला ब्रेक दाबला की पातेलं पुढे यायचं, हिरवा झाला की मागे जायचं. हॉलवर पोचलो तेव्हा झाकण एका कोपऱ्यात, पातेलं दुसऱ्या आणि काजू सर्वत्र. बायको म्हणाली, "ते काळं काढ, नाहीतर ट्रक काढ."

एप्रिलातल्या एका शनिवारी मी काळं काढायला घेतलं. व्हिडिओतल्या गृहस्थाने हे काम वीस मिनिटांत केलं होतं, तेही गप्पा मारत. सामान बांधायच्या कड्या चार कोपऱ्यांत बोल्टने बसवलेल्या असतात, त्याच लायनरलाही धरून ठेवतात. बोल्टच्या डोक्यात सहा पाकळ्यांची खाच, तिला टॉर्क्सचा पाना लागतो. तीन बोल्ट निघाले. चौथ्याने जागा सोडली नाही, पाकळ्या तेवढ्या सोडल्या. खाच गुळगुळीत गोल झाली आणि तो बोल्ट मी शेवटी ड्रिलने, शिव्या घालत, भुगा करून काढला. (बायकोच्या मते शिव्या आधी सुरू झाल्या होत्या.)

आता लायनर सुटं होतं, पण निघत नव्हतं. त्याच्या कडा हौद्याच्या काठाखाली दडपलेल्या असतात. मधोमध उचललं की बाजू आत ओढल्या जातात आणि सुटतात, असं व्हिडिओ म्हणतो. बाहेर ४० फॅरनहाइट. या गारठ्यात ते प्लॅस्टिक सागवानासारखं ताठ झालं होतं. जीव खाऊन मी ते चार बोटं उचललं, हात निसटला आणि असा आवाज झाला की शेजारी बाहेर आला. "करवतीने दोन तुकडे कर," तो म्हणाला, "सगळे तेच करतात." पण लायनर विकून पन्नास डॉलर सुटतील, असा माझा हिशेब होता.

जूनमध्ये सासूसासरे आले. सासऱ्यांनी कराडला तीस वर्षं दुधाचा टेम्पो चालवला. त्यांनी हौद्याभोवती एक फेरी मारली.

"जावईबापू, हे थंडीत ओढलंत?"

"हो मामा."

"ऊन पडू द्या."

जुलैत ९२ डिग्रीचा दिवस उजाडला. मामा टोपी घालून, खुर्ची टाकून ट्रकशेजारी बसले. दर पंधरा मिनिटांनी काळ्या प्लॅस्टिकवर बोट दाबून बघायचे, वाळवणाची राखण करावी तसे. दोन वाजता म्हणाले, "नरमलंय. चला." कडांना साबणाचं पाणी सोडलं. त्यांनी केबिनकडून मधोमध फळी घालून उचकटलं, मी मागून भोकात ओवलेली दोरी ओढली. एक बाजू सुटली. दुसरीही सुटेल, याची मला कल्पना द्यायला हवी होती. मी अंगणात उताणा आणि वर लायनर. त्या अंधारात मला मामांचं "निघालं!" ऐकू आलं आणि पाठोपाठ बायकोच्या फोनची टिकटिक.

बाहेर येऊन बघतो तर हौद्यात दोन बोटं चिखल, कुजकी पानं, ओकची फळं, पाच सेंटची तीन नाणी आणि जोमाने वाढणारं मेपलचं एक रोप. चिखल खरवडला तर खाली खारी बिस्किटासारखे पापुद्रे. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. ओरखडा नव्हता, हे आधीच्या मालकाचं म्हणणं खरंच. ओरखडा उठायला तिथे पत्रा लागतो.

मी मामांना समजावलं की फटीतून पाणी आत जातं आणि वाळत नाही, धक्क्यांनी लायनर हलतं आणि खालची वाळू रंग घासून काढते. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या खालीच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मीठ लावून, वर झाकण घालून मुरत ठेवलेली," ते म्हणाले. "किती वर्षं?"

लायनरला पन्नास डॉलर कोणी दिले नाहीत. फुकट नेईनात. कचऱ्याच्या गाडीने ते दोन मंगळवार दारातच ठेवलं. तिसऱ्या मंगळवारी उठून बघतो, तर मामांनी ते परसात नेऊन त्यात माती भरली होती आणि मेथी पेरली होती. आतापर्यंत तीनदा भाजी झाली. निचरा उत्तम होतो, विशेषतः चौथ्या बोल्टच्या भोकातून.