‘सेशन क्लाउड सांभाळतो’ या सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

चॅटबॉट बनवणाऱ्यांच्या गटांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द दर वेळी वेगळे, गाभा तोच: क्लाउडची बॉट सेवा घेतली की सेशनचा, म्हणजे चालू संभाषणाच्या तात्पुरत्या आठवणीचा, विचार करायची गरज नाही. ग्राहक कोण आणि तो आधी काय बोलला, हे सेवा लक्षात ठेवते. सेशन आयडी म्हणून ग्राहकाचा मोबाइल नंबर पाठवा, मुदत 24 तास करा, एकामागून एक आलेले मेसेज सेवा आपोआप ओळीनं घेईल, आणि ग्राहकानं माहिती पुसायला सांगितली तर सेशन डिलीट करा. हल्ली त्यात एक भर पडली आहे: मोठी भाषा-मॉडेलं (चॅटजीपीटीमागे असतात तशी) आल्यामुळे सेशन हा विषयच संपला.

हा सल्ला नव्यानं शिकणाऱ्यांना पटतो, कारण डेमोमध्ये तो खरोखर चालतो. डेमोत एकच माणूस असतो, तो सलग बोलतो आणि पाच मिनिटांत मोकळा होतो. पण असे बॉट पतसंस्थांच्या आणि दवाखान्यांच्या कामाला लागतात, तेव्हा सेशन चुकण्याचा अर्थ एकाच्या तपासणीचा अहवाल दुसऱ्यासमोर उघडणं असा होऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरणं मुख्यतः अॅमेझॉन लेक्स या बॉट सेवेच्या दुसऱ्या आवृत्तीची आहेत. गूगलचं डायलॉगफ्लो आणि आयबीएमचं वॉटसन असिस्टंट या तशाच सेवा गरजेपुरत्या येतील.

‘सेवा ग्राहकाला लक्षात ठेवते.’ नाही. ती एक संभाषण लक्षात ठेवते, तेही थोडा वेळ. लेक्समध्ये काहीच बदललं नाही तर शेवटच्या मेसेजनंतर पाच मिनिटांनी सेशन संपतं. डायलॉगफ्लो सीएक्समध्ये हा काळ मुळात 30 मिनिटांचा असतो, आणि जुन्या ईएस आवृत्तीत संदर्भ (कॉन्टेक्स्ट, म्हणजे बोलण्याचा चालू विषय) 20 मिनिटांनी गळून पडतात. खरा धोका मुदत संपण्यात नाही, ती संपल्याचं कुणाला न कळण्यात आहे. वॉटसनमध्ये सेशन आधी वेगळ्या कॉलनं (म्हणजे सेवेला पाठवलेल्या विनंतीनं) उघडावं लागतं, आणि मेलेल्या सेशनचा आयडी पाठवला की सरळ त्रुटी येते. लेक्स तसं करत नाही. जुनाच आयडी आला की ते निमूटपणे कोरं सेशन सुरू करतं. ग्राहक ‘तीच तारीख ठेवा’ म्हणतो, बॉटला कुठली तारीख ते माहीत नसतं, आणि तुमच्या नोंदींत सगळं हिरवं दिसतं. ग्राहकाचं नाव, त्याची पसंतीची शाखा, मागच्या तक्रारीचा क्रमांक हे सगळं तुमच्या डेटाबेसमध्येच हवं. नवं सेशन सुरू झालं की तिथून आवश्यक तेवढंच वाचून सेशन अॅट्रिब्यूटमध्ये (सेशनसोबत राहणाऱ्या माहितीच्या कप्प्यात) घालायचं. इथे अनेकांचा एक घोळ होतो: रिक्वेस्ट अॅट्रिब्यूट (एका विनंतीसोबत पाठवलेली माहिती) फक्त त्या एका कॉलपुरतं जगतं. पुढच्या वाक्याला ते नसतं, त्यामुळे टिकवायची गोष्ट त्यात ठेवू नये.

‘सेशन आयडी म्हणून मोबाइल नंबर द्या.’ या सल्ल्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

लेक्सला मजकूर पाठवण्याच्या विनंतीत सेशन आयडी वेब-पत्त्याच्या (यूआरएलच्या) मार्गातच असतो: बॉट, एलियस (बॉटच्या आवृत्तीला दिलेलं नाव), भाषा, मग सेशन. पत्त्यात जे असतं ते वाटेतल्या प्रत्येक नोंदवहीत उतरतं. प्रॉक्सीच्या (मधल्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये, त्रुटी गोळा करणाऱ्या साधनात, डेव्हलपरनं मदतीसाठी गटात टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये. मेसेजमधला मजकूर झाकण्याची काळजी घेणारी माणसंही पत्ता झाकत नाहीत. सेशन आयडीत ओळख वापरली तर ती शक्यतो हॅश केलेली (गणितानं उलटा न वाचता येणारा संकेत बनवलेली) असावी, असं गूगलचं दस्तऐवजही सुचवतं.

यावर उत्तर येतं, ‘मग नंबराचा हॅश करू.’ साधा हॅश पुरत नाही. भारतातले मोबाइल नंबर 10 अंकी असतात आणि 6, 7, 8 किंवा 9 नं सुरू होतात. म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून बघायला चांगल्या ग्राफिक्स कार्डाला फार तर काही मिनिटं लागतात. गुप्त किल्ली घालून केलेला हॅश चालेल, पण त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक संभाषणाला नवा यादृच्छिक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख-संकेत) द्यावा आणि तो कोणत्या ग्राहकाचा हे आपल्या तक्त्यात ठेवावं. लेक्स 2 ते 100 अक्षरांचा आयडी घेतं, डायलॉगफ्लोची मर्यादा 36 आहे. यूयूआयडी नेमका 36 अक्षरांचा, दोन्हीकडे बसतो. एसएचए-256 या प्रचलित पद्धतीचा हॅश हेक्समध्ये (0 ते 9 आणि a ते f वापरून) लिहिला तर 64 अक्षरांचा होतो, तो डायलॉगफ्लोत बसणारच नाही.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडे एक फोन घरात तिघं-चौघं वापरतात. आईच्या नंबरवरून मुलानं विचारलं, तर बॉटच्या लेखी ती दोघं एकच व्यक्ती. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर: आयडी ब्राउझरकडून आला आणि सर्व्हरनं तो न तपासता लेक्सकडे पुढे ढकलला, तर कुणीही दुसऱ्याचा नंबर टाकून त्याच्या अर्धवट संभाषणात शिरू शकतो. सेशन आयडी म्हणजे ओळखपत्र नव्हे. लॉगिन तपासून, हा आयडी याच माणसाचा आहे ना, हे दर कॉलला सर्व्हरनंच ठरवायचं.

‘मुदत 24 तास ठेवा, ग्राहकाला पुन्हा सांगावं लागणार नाही.’ लेक्स एक मिनिट ते 24 तास अशी मुदत देतं, त्यामुळे हे करता येतं. पैसेही वाढत नाहीत, कारण आकारणी विनंतीमागे होते, सेशन किती वेळ उघडं राहिलं यावर नाही. पण सेशनमध्ये फक्त माहिती नसते, संभाषण कुठे थांबलं तेही असतं. दुपारी बॉटनं विचारलं, ‘5,000 रुपयांचा हप्ता भरायचा, नक्की?’ आणि ग्राहकानं उत्तर न देता फोन ठेवला. रात्री तो वेगळ्याच गोष्टीसाठी परत आला आणि कशाला तरी ‘हो’ म्हणाला. सेशन अजून पुष्टीच्या पायरीवरच उभं आहे. तो होकार दुपारच्या प्रश्नाला लागू होतो.

माझं मत स्पष्ट आहे: पैशाचा किंवा उपचाराचा व्यवहार असेल तर मुदत छोटी ठेवावी. ग्राहक परतला की आपल्या डेटाबेसमधली नोंद पाहून ‘दुपारी हप्ता अर्धवट राहिला होता, तो पुढे न्यायचा का?’ असं विचारावं, आणि तो हो म्हणाला तर सेशनची स्थिती लिहिणाऱ्या पुटसेशन कॉलनं इंटेंट (ग्राहकाचा हेतू), भरलेले स्लॉट (रक्कम, तारीख अशा माहितीच्या जागा) आणि पुढची पायरी पुन्हा मांडावी. पुष्टी मात्र नव्यानं घ्यावी. चालू सेशन बदलायचं असेल तर आधी गेटसेशननं सध्याची स्थिती वाचावी, हवं तेवढंच बदलून परत लिहावी. थोडाच वेळ लागणारी गोष्ट असेल तर लेक्समधल्या कॉन्टेक्स्टला स्वतःची मुदत देता येते, सेकंदांत किंवा 1 ते 20 फेऱ्यांत. सगळं सेशन दिवसभर जागं ठेवायचं कारण उरत नाही.

‘मेसेज आपोआप ओळीनं घेतले जातात.’ व्हॉट्सअॅपवर आपली माणसं तुकड्यातुकड्यात लिहितात: आधी ‘नमस्कार’, लगेच ‘एक विचारायचं होतं’, मग प्रश्न. तिन्ही एकाच सेशनवर एकदम पोचले तर लेक्स 409 ची, म्हणजे संघर्षाची त्रुटी देऊ शकतं. रांग तुम्हीच लावायची, सेशनमागे एक. शिवाय व्हॉट्सअॅपचा वेबहुक (नवा मेसेज तुमच्या सर्व्हरला कळवणारी सोय) तोच मेसेज दोनदा पाठवू शकतो, म्हणून मेसेजचा आयडी पाहून दुसरा टाकून द्यायचा.

‘भाषा-मॉडेलं आली, सेशन संपलं.’ उलट, जबाबदारी तुमच्याकडे आली. ओपनएआयच्या चॅट कंप्लीशन्स पद्धतीत मॉडेल आधीचं काहीच लक्षात ठेवत नाही, दर वेळी आधीचं सगळं संभाषण पुन्हा पाठवावं लागतं. प्रत्येक फेरीत 200 टोकन (मजकुराचे मोजायचे तुकडे) वाढले असं धरलं, तर 20 व्या फेरीला 4,000 टोकन जातात आणि सगळ्या फेऱ्यांचे मिळून 42,000. नंतरच्या रिस्पॉन्सेस पद्धतीत मागच्या उत्तराचा आयडी दिला की इतिहास पुन्हा पाठवावा लागत नाही, पण त्याचे टोकन इनपुट म्हणून मोजले जातातच. काय ठेवायचं, कशाचा सारांश करायचा, काय गाळायचं, हे ठरवणं म्हणजेच सेशन सांभाळणं.

‘सेशन डिलीट केलं की माहिती पुसली.’ डिलीटसेशन चालू संभाषण संपवतं आणि त्या बॉटच्या त्या एलियसवरची सेशनची स्थिती काढून टाकतं. तेवढंच. संभाषणाच्या नोंदी सुरू केल्या असतील तर मजकूर क्लाउडवॉचमध्ये (अॅमेझॉनच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत) आणि आवाज एसथ्रीमध्ये (फाइल साठवणाऱ्या सेवेत) तसाच राहतो, आणि क्लाउडवॉचच्या नोंदी मुदत घातल्याशिवाय कधीच आपोआप जात नाहीत. नोंदींत स्लॉट झाकण्याची सोय प्रत्येक स्लॉटला वेगळी चालू करावी लागते. ती चालू असली तरी तोच आधार क्रमांक तुम्ही सेशन अॅट्रिब्यूटमध्ये ठेवला असेल, तर तो तिथे झाकला जात नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती पुसून घेण्याचा हक्क माणसाला दिला आहे. तो पाळायचा तर डिलीटसेशनच्या एका कॉलवर भागणार नाही. क्लाउडवॉचच्या लॉग गटाला मुदत, एसथ्रीला आपोआप काढून टाकण्याचा नियम, आपल्या तक्त्यातली यूयूआयडी आणि ग्राहक यांची जोडी, आणि भाषा-मॉडेलकडे साठवलेली उत्तरं, या प्रत्येक ठिकाणी हात घालावा लागतो. ही यादी बॉट सुरू करण्याआधी लिहून ठेवा, कारण ग्राहकाचा अर्ज आल्यावर लॉग कुठेकुठे गेले ते शोधायला बसलात तर एखादी जागा हमखास सुटते.