सुदानचं धान्य कोण खातं?

फोंड्याच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, चवथीच्या माटोळीच्या सामानाच्या यादीखाली एक फॉरवर्ड येऊन पडला: 'सुदानला पाठवलेलं सगळं धान्य बंदूकवाले खातात, लोक छावण्यांत फुकट बसतात, मग युरोपात घुसतात. एक पैसा देऊ नका.' पटापट अंगठेही मिळाले.

युरोपाचं आधी उरकतो. एप्रिल 2023 मध्ये लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर उठली, तेव्हापासून 1 कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं. त्यातले बहुतेक देशातच फिरताहेत, बाकीचे मुख्यतः इजिप्त, चाड आणि दक्षिण सुदानात. चाड स्वतःच कंगाल. लढाई पेटली त्याच महिन्यात नौदलाच्या आयएनएस सुमेधा जहाजाने पोर्ट सुदानहून जेद्दाला आपली माणसं नेली, तेव्हा त्यांना कोणी पळपुटे म्हटलं नव्हतं.

धान्य लुटलं जातं, हे मात्र खरं. डिसेंबर 2023 मध्ये सुदानच्या वाद मदनी शहरात जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. जवळपास 15 लाख लोकांचा महिन्याचा शिधा गेला. पण 'सगळं'? जे गोदामापर्यंत पोचूच दिलं नाही, त्याचं काय? चाडहून सुदानच्या पश्चिमेकडच्या दारफूर भागात जाणारा, आद्रे या सीमेवरच्या गावाचा रस्ता लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बंद केला, तो उघडला ऑगस्टमध्ये. दुसरीकडे आरएसएफने दारफूरमधलं एल फाशर शहर मे 2024 पासून वेढलं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये घेतलं. आत अडकलेले लोक 'अंबाज' खात होते, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. एरवी ती गुरांपुढे टाकतात. पुढे तीही मिळेना.

फुकट बसण्याबद्दल काय बोलायचं? एल फाशरजवळच्या जमजम छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये दुष्काळ जाहीर झाला, एप्रिल 2025 मध्ये आरएसएफने तिच्यावर हल्ला केला आणि लाखो लोक पुन्हा रस्त्यावर आले. बरेच विस्थापित तर छावणीत नाहीतच. कोणी नातेवाइकांकडे, कोणी शाळेच्या वर्गात. त्यांना जेवू घालतात वाड्यावाड्यांतले स्वयंसेवक, सामुदायिक चुलीवर.

आणि 'एक पैसा देऊ नका' हेही करून झालंय. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने पैसा रोखला आणि अशा शेकडो चुली बंद पडल्या. लढाई चालूच राहिली, कारण दोन्ही फौजांना पैसा मिळतो तो सोन्यातून. सुदानचं बरंचसं सोनं जातं संयुक्त अरब अमिरातीत. दुबईहून येताना सोनं आणणारे आमच्या ग्रुपवरही काही कमी नाहीत. पण त्यावर फॉरवर्ड आलेला नाही.