नाव आणि पत्ता

माइकसमोर उभं राहिलं की आधी नाव सांगायचं, मग पत्ता. मग टेबलावरचा हिरवा दिवा लागतो आणि तुमची तीन मिनिटं सुरू होतात. शेवटी पिवळा, मग लाल. लाल लागला की वाक्य अर्धं राहिलं तरी खाली बसायचं. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या हायस्कूलच्या लायब्ररीत, शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या सभेत, मार्चमधल्या एका मंगळवारी रात्री, मी ही तीन मिनिटं पहिल्यांदा वापरली. विषय होता शाळेचं बजेट. पैसे कमी पडत होते, आणि कात्री लावायच्या यादीत चौथीच्या मुलांचं व्हायोलिन, दोन बसचे मार्ग आणि हायस्कूलमधला मोटार दुरुस्तीचा वर्ग होता.

माझ्या आधी एक प्लंबर बोलला. कामाचे बूट तसेच, त्यांना चिखलही तसाच. म्हणाला, माझा मुलगा सकाळी उठून शाळेत येतो तो या एका तासासाठी, तो काढलात तर बाकीचे सात तास कुणासाठी चालवणार आहात? टाळ्या पडल्या. टेबलापलीकडे बोर्डाची नऊ माणसं बसली होती, गावाने मत देऊन निवडलेली. पगार शून्य, शिव्या भरपूर. त्यातल्या एक बाई सगळं वहीत लिहून घेत होत्या. एप्रिलच्या शेवटी बजेट मंजूर झालं तेव्हा मोटारीचा वर्ग राहिला होता, बस गेल्या होत्या. मी बसविषयी बोलले होते.

हे आठवायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. माझा दादा वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. पट चौदा. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव शासनाने सप्टेंबर 2023 मध्ये मागवले, तेव्हापासून त्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे. त्यावर आमच्या पुण्याच्या चुलतभावाने मला मध्ये ओढलं. "ताईला विचारा. तिकडे अख्ख्या गावाला एकच मोठी शाळा. बस नेते, बस आणते. आपणच चौदा पोरांसाठी का रडत बसायचं?"

आता ताईला विचारलंच आहे, तर ताई सांगते.

चुलतभाऊ म्हणतो ते अर्धं खरं आहे. अमेरिकेने हे काम आपल्या कितीतरी आधी केलं. शाळा चालवणारे स्थानिक कारभार, ज्यांना इथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात, ते 1939-40 मध्ये 1 लाख 17 हजारांच्या वर होते. आज तेरा हजारांच्या आसपास उरलेत. एकशिक्षकी शाळांच्या लाल इमारती आता चित्रांत आणि संग्रहालयांत दिसतात. पण त्या बंद झाल्या तेव्हा पिवळी बस आली, आणि ती कुणाच्या मेहेरबानीवर चालत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याने आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब राहत असेल आणि हायस्कूलचं अडीच मैलांपेक्षा, तर त्याला ने-आण द्यावीच लागते. बजेटमध्ये कापल्या त्या बस या अंतराच्या आतल्या मुलांच्या होत्या, म्हणून कापता आल्या. दादाच्या शाळेतलं सहा वर्षांचं पोर घाट उतरून समूह शाळेत कशाने जाणार? टमटमने? आणि तिचे पैसे जूनमध्ये मिळणार की पुढच्या मार्चमध्ये?

मोठ्या शाळेचं सुख मात्र मी नाकारणार नाही. रोज बघते. आमच्या हायस्कूलचं विषयांचं पुस्तक शंभर पानांच्या आसपास आहे. नववी ते बारावी एकाच छपराखाली, आणि आर्ट्स-कॉमर्स-सायन्स नावाच्या भिंती नाहीत. हायस्कूलचा डिप्लोमा हवा तर राज्याच्या नियमाप्रमाणे 120 क्रेडिट्स, म्हणजे विषय पुरे केल्याचे गुण. त्यात चार वर्षांची इंग्रजी, तीन वर्षांचं गणित, तीन विज्ञानाची, हे तर आलंच. पण चित्र, संगीत किंवा नाटक यांतलं काहीतरी वर्षभर घ्यावंच लागतं, पैशाचा हिशोब अर्धं वर्ष शिकावा लागतो आणि व्यायाम दरवर्षी चुकत नाही. माझी मुलगी गेल्या वर्षी सकाळी कॉलेजच्या पातळीची केमिस्ट्री करायची आणि दुपारी चाकावर मडकी. शेजारच्या चाकावर बसणारा मुलगा अर्धा दिवस काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या तंत्रशाळेत वेल्डिंग शिकून परत यायचा. त्याचं मडकं सरळ व्हायचं. हिचं कलायचं.

शुक्रवारी सकाळी कॉरिडॉरमधून कॉफीची गाडी फिरते. ती चालवतात विशेष गरजा असलेली मुलं. एक मुलगा ऑर्डर घेतो, एक मुलगी सुटे पैसे मोजते, चुकली की पुन्हा मोजते, आणि इतिहासाचे शिक्षक शांतपणे उभे राहतात. या मुलांना शिकवायला शाळा नाही म्हणू शकत नाही. तसा केंद्राचा कायदा 1975 पासून आहे, आणि गरज असेल तर इथे एकविसाव्या वर्षापर्यंत ती शाळेत राहतात. कुणाला काढून टाकून निकाल शंभर टक्के लावायची सोय नाही.

हे वाचून माझी वहिनी म्हणेल, मग आमच्या पोरीचं काय? भाची अकरावीला आहे. 2025 पासून राज्यभर एकच ऑनलाइन प्रवेश आला, पसंतीक्रम भरले, फेऱ्या झाल्या, कॉलेज मिळालं. आणि ती कॉलेजात जात नाही. नाव कॉलेजच्या पटावर, पोरगी क्लासमध्ये, त्याला म्हणायचं इंटिग्रेटेड. प्रॅक्टिकलच्या वह्या कोण भरतं ते विचारू नये.

पण आपण भारतीय लोक इथे येऊन वेगळं वागतो अशी समजूत असेल तर ती काढून टाका. प्रिन्स्टनजवळ वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो नावाचं स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. साधारण दोनतृतीयांश मुलं आशियाई वंशाची, त्यात आपली खूप. तिथल्या शाळांचे प्रमुख, सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी 2015 च्या ऑक्टोबरमध्ये पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आदल्या वर्षी माध्यमिक आणि हायस्कूलच्या 120 मुलांना मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी पाठवावं लागलं होतं आणि 40 मुलं रुग्णालयात दाखल झाली होती. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या, गृहपाठाशिवायच्या रात्री ठरवल्या, चौथीपासून मुलांना वेगळं काढणारं प्रगत गणित पुढे ढकललं. गाव उभं चिरलं गेलं. एका बाजूला मुख्यतः गोरे पालक, दुसऱ्या बाजूला मुख्यतः आपण आणि चिनी, म्हणणारे की आमच्या पोरांची शिडी काढून घेताय. दोन्ही बाजूंचे लोक माइकवर आले. मी त्या गावात राहत नाही, पण तेव्हा मी मनातून शिडीवाल्यांच्या बाजूची होते, हे कबूल करते. माझी मुलगी पहिलीपासून रविवारी गणिताच्या क्लासला जायची. मराठी शाळा त्याच वेळेला होती. क्लास जिंकला. आज ती माझ्या आईशी फोनवर बोलताना "आजी, मी बरी आहे" याच्या पुढे अडते, त्याचा हिशोब कुठल्याच क्रेडिटमध्ये नाही.

आणि वर्षातून काही वेळा वर्गाचे दिवे बंद करून, दाराला कडी लावून, मुलं भिंतीला चिकटून गप्प बसायची तालीम करतात. आगीची वेगळी, ही वेगळी. दर महिन्याला आगीची एक आणि सुरक्षेची एक तालीम घ्यायची, असा न्यू जर्सीचा कायदाच आहे. दादाच्या शाळेत हे नाही, आणि त्याचं मोल त्याला सांगूनही कळणार नाही.

तर पत्ता. माइकवर जो विचारतात तोच. या शाळेची फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, देणगी नाही. फी घराच्या किमतीत आधीच घेतलेली असते. न्यू जर्सीत घराचा कर 2024 मध्ये सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेला, त्यातला निम्म्याहून जास्त शाळेला जातो. घर दाखवणारी एजंट बाई स्वयंपाकघराच्या आधी शाळेचं नाव सांगते. मुलाचं नाव घालताना भाडेकरार, विजेचं बिल, असे कागद लागतात, आणि संशय आला तर मूल सकाळी खरंच कुठल्या दारातून बाहेर पडतं ते बघायला माणूस पाठवणारी डिस्ट्रिक्ट्स आहेत. सापडलात तर मागचे सगळे दिवस मोजून फी लावतात. ओहायोत 2011 मध्ये केली विल्यम्स-बोलार या आईने मुलींसाठी आपल्या वडिलांचा उपनगरातला पत्ता दिला म्हणून नऊ दिवस तुरुंगात काढले. खासगी शाळेतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के जागांसाठी एक किलोमीटरच्या आतला खोटा भाडेकरार करणाऱ्या आपल्याकडच्या आईबापांना ही गोष्ट परकी वाटू नये.

गंमत अशी की भारतात शिक्षण हा घटनेतला मूलभूत हक्क आहे, कलम 21-अ. अमेरिकेच्या घटनेत तसं काही नाही, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगून टाकलं. मग भांडण राज्यांच्या न्यायालयांत गेलं. न्यू जर्सीत तर न्यायालयाने जुलै 1976 मध्ये शाळाच बंद ठेवायला लावल्या, तेव्हा आठवडाभरात राज्याला आयकर आणावा लागला. नंतर अ‍ॅबट खटल्यातून गरीब शहरांच्या एकतीस डिस्ट्रिक्ट्सना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने पैसा द्यायचा आदेश निघाला. पैसा गेला. पण त्या एकतिसांतल्या ट्रेंटन शहराचं मूल आमच्या गावच्या शाळेत येऊ शकत नाही, ते अजूनही येऊ शकत नाही. ट्रेंटन आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे.

म्हणून चुलतभावाला माझं एवढंच म्हणणं आहे, की इमारत दाखवून शाळा बंद करू नकोस. इथली शाळा गावाची वाटते ती मोठी आहे म्हणून नाही. चिखलाच्या बुटांचा माणूस आत येतो, त्याचं ऐकून घ्यावं लागतं आणि नोव्हेंबरात त्याचं मत मागायला जावं लागतं, म्हणून ती गावाची वाटते. आणि हे आपल्याकडे नाही असंही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, हे आरटीई कायद्यातच लिहिलंय. इथल्या बोर्डात असं आरक्षण नाही. आपल्याकडे समितीचं रजिस्टर घरोघर सहीला फिरतं. दादाच्या गावातही फिरायचं. समूह शाळेचं कळल्यावर पहिल्यांदा सगळ्याजणी स्वतः आल्या, तीन तास बसल्या आणि आम्ही पोरं पाठवणार नाही असं लिहून अंगठे आणि सह्या करून गेल्या. त्या कागदाला अजून उत्तर आलेलं नाही.

मागच्या रविवारी दादाशी बोलले. म्हणाला, पट चौदा हा सप्टेंबर अखेरचा. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते, त्यावर ठरते. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडहून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या उभ्या राहतात, आणि थंडीत माझ्या वर्गात तीस पोरं असतात. "मार्चमध्ये परत चौदा. ती सोळा कुणाच्या पटावर मोजायची? त्यांच्या गावच्या गुरुजींच्या की माझ्या? गाव सोडून फिरणाऱ्या पोरांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे म्हणे. मागच्या साली सोळातल्या दोघांकडे होतं." मग म्हणाला, "तुमच्याकडे पत्त्याशिवाय घेत नाहीत ना? मग असल्या पोरांचं काय करतात?"

घेतात. मलाही उशिरा कळलं. 1987 चा मॅककिनी-व्हेंटो कायदा आहे. मोटेलात, गाडीत, नातेवाइकांच्या सोफ्यावर, शेतमजुरीमागे फिरताना, कुठेही राहणारं बेघर मूल दारात आलं की त्याच दिवशी वर्गात बसवायचं, कागद मागाहून. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये त्यासाठी एक नेमलेली व्यक्ती असते. आमच्या हायस्कूलमध्ये त्या बाईंची खोली जिमच्या मागे आहे. तीन वर्षं मी त्या दारावरून जात होते.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तो फॉर्म मिळतो का बघ. पत्त्याच्या रकान्यात काय लिहितात ते मला बघायचंय."

सोमवारी बाईंकडून कोरा फॉर्म घेतला आणि फोटो काढून पाठवला. पत्त्याच्या ओळीखाली छापलंय, मूल काल रात्री कुठे झोपलं.