एनटीएमवरचा तो फॉरवर्ड आणि 'एकटी अझिथ्रो पुरते' हा सल्ला

आत्याच्या कफात मध्यंतरी एनटीएम (टीबीच्या जंतूच्या कुळातले, पण टीबी न करणारे जंतू) निघालं, औषधं चालू आहेत, वजनही जरा सावरलंय, आणि काल फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "अगं, त्या बाकीच्या दोन गोळ्या सोडल्या तर चालतं म्हणे, ग्रुपवर आलंय." मग तो मेसेज मागवून घेतला आणि डोकंच सटकलं. 'एका ज्येष्ठ छातीरोगतज्ज्ञांचा सल्ला' असं वर लिहिलंय पण तज्ज्ञांचं नाव कुठेच नाही. खाली पाच ठळक दावे, थोडक्यात असे: कफात एएफबी पॉझिटिव्ह (मायक्रोस्कोपखाली रंग धरून ठेवणारे जंतू दिसले) म्हणजे टीबीच, एनटीएम हा त्याचाच प्रकार, घरभर पसरतो म्हणून पेशंटची भांडी वेगळी करा. एकदा रिपोर्ट आला की पुरे, दुसरा नमुना मागणारे डॉक्टर वेळ काढतात. तीन-तीन औषधांची गरज नाही, आठवड्यातून तीनदा अझिथ्रोमायसिन पुरते आणि खोकला थांबला की तीही बंद. हा आजार झाला की माणूस जेमतेम पाच वर्षं जगतो. आणि शॉवर वापरू नका, वाफ घ्या, खोकला दाबणारं सिरप घ्या.

क्रमाने जात नाही. तिसरा दावा आधी घेते, कारण बाकीच्यांनी घाबरायला होईल पण याने माणसाचं खरंच नुकसान होईल.

एनटीएम म्हणजे टीबी आणि कुष्ठरोग सोडून बाकीचे मायकोबॅक्टेरिया, त्यांच्या दीडशेच्या वर जाती आहेत. फुफ्फुसात सगळ्यात जास्त सापडतो तो मॅक, म्हणजे एव्हियम आणि इंट्रासेल्युलेर वगैरेंचा गट. मॅकवर अझिथ्रोमायसिन किंवा तिची बहीण क्लॅरिथ्रोमायसिन हेच मुख्य हत्यार, हे अगदी खरं. पण हे औषध जंतूच्या रायबोसोममध्ये (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेत) जिथे चिकटतं त्या भागाच्या जीनची मॅककडे एकच प्रत असते, त्यामुळे तिथे एक छोटा बदल झाला की औषध एकदम निकामी. फुफ्फुसात जंतू अफाट संख्येने असतात, त्यात असे बदललेले थोडेसे आधीपासूनच असू शकतात. एकटी अझिथ्रो दिली की साधे जंतू मरतात, खोकला कमी होतो, पेशंट खूश, घरचे खूश, आणि मागे उरतात ते नेमके न मरणारे. तेच वाढतात. इथॅम्ब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन सोबत देतात ते मुख्यतः हे होऊ नये म्हणून, त्यातही इथॅम्ब्युटॉलचं काम मोठं. आत्या ज्या 'बाकीच्या दोन गोळ्या' म्हणत होती त्या ह्याच!

आणि एकदा रेझिस्टन्स आला, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे झाले, की पुढचं चित्र फारच वाईट. मग अमिकासिनची इंजेक्शनं, कधी फुफ्फुसाचा खराब भाग काढायचं ऑपरेशन, आणि एवढं करूनही कफ निगेटिव्ह होणारे पाचात एखाददुसरे. रेझिस्टन्स नसलेल्या मॅकमध्ये पूर्ण औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा कफ निगेटिव्ह होतो. एवढा फरक, आणि तो आपल्या हाताने करून घ्यायचा, कुठल्या तरी निनावी तज्ज्ञाच्या सांगण्यावरून.

हा सल्ला आला कुठून याचा मी जरा शोध घेतला, आणि मान्य करायला जड जातं पण त्यात अर्धं सत्य आहे. किंबहुना दोन अर्धी सत्यं एकमेकांना चिकटवलीत. एक, ब्राँकिएक्टेसिसमध्ये, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यात कफ साठून राहतो त्या आजारात, आजार वारंवार उसळत असेल तर अझिथ्रो एकटीच महिनोन्महिने देतात. 2012-13 च्या सुमाराला त्यावर चांगल्या ट्रायल झाल्या, उसळण्याचं प्रमाण खरंच घटलं. पण ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की ती सुरू करण्याआधी कफात एनटीएम नाही ना ते तपासा, तेही याच रेझिस्टन्सच्या भीतीने. म्हणजे ज्या पेशंटला ही गोळी एकटी देऊ नका म्हणून बजावलंय, नेमक्या त्यालाच हा मेसेज ती एकटी घ्यायला सांगतोय. दुसरं अर्धं सत्य 'आठवड्यातून तीनदा'. कॅव्हिटी (फुफ्फुसात पडलेली पोकळी) नसलेल्या, गाठी आणि ब्राँकिएक्टेसिसवाल्या मॅकमध्ये आठवड्यातून तीन दिवस औषध असतं खरं, पण तीनही औषधांचा. कॅव्हिटी असेल तर रोज, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने बहुतेक वेळा अमिकासिनही.

'खोकला थांबला की बंद' हे तर त्याहून वर. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या चार मोठ्या वैद्यकीय संघटनांनी मिळून 2020 साली एनटीएमची एकत्र गाइडलाइन काढली, हे सगळं मी मुख्यतः त्यातूनच सांगतेय. त्यात मॅकसाठी असं आहे की कफाचं कल्चर (कफातले जंतू वाढवून बघायची टेस्ट) निगेटिव्ह झाल्यापासून पुढे निदान 12 महिने औषध. खोकला थांबल्यापासून नाही आणि पहिल्या गोळीपासूनही नाही. म्हणून दर महिना-दोन महिन्यांनी कफ द्यायला लावतात, कारण निगेटिव्ह कधी झाला हे कळल्याशिवाय ते 12 महिने मोजायचे कुठून? औषधं त्रासदायक आहेत हे कबूल. इथॅम्ब्युटॉलने नजरेवर परिणाम होऊ शकतो, लाल-हिरव्यात फरक कळेनासा होतो. अझिथ्रोने कानावर, रिफॅम्पिसिनने लिव्हरवर, शिवाय ती दुसऱ्या औषधांचा असर कमी करते. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं, दिवस बदलून घ्यायचे. मनाने तीनातलं एक ठेवायचं नाही.

आता टीबीचं. एएफबी हा फक्त जंतूच्या रंग धरून ठेवायच्या गुणाचा रिपोर्ट आहे, मायक्रोस्कोपखाली टीबीचा जंतू आणि एनटीएम सारखेच दिसतात. म्हणून सोबत टीबीची जीन टेस्ट करतात. एएफबी पॉझिटिव्ह आणि जीन टेस्टमध्ये टीबी नाही असं आलं तर एनटीएमचा विचार करायचा, आणि नक्की कुठली जात ते कल्चरवरून, त्याला सहा-आठ आठवडे लागू शकतात. टीबीचा संशय दाट असेल तर तोवर टीबीचं औषध सुरू करतात, त्यात चूक काही नाही, पण पुढे कल्चरमध्ये मॅक आला तर तोच कोर्स रेटून चालत नाही. टीबीतल्या पायराझिनामाइडचा मॅकवर उपयोगच नाही.

घरभर पसरण्याचं म्हणाल तर मॅक एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तो पाण्यातून, मातीतून येतो. अपवाद सांगायचा तर अ‍ॅबसेसस नावाची जात, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या पेशंटमध्ये ती एकमेकांत पसरली असावी असं जीनोमच्या अभ्यासातून पुढे आलं. त्या पेशंटना म्हणूनच वेगवेगळं ठेवतात. पण भांडी? अहो, टीबीसुद्धा भांड्यांतून पसरत नाही, तो हवेतून पसरतो! आजारी बाईचं ताट वेगळं करायला लावणाऱ्या या ओळीचा मला सगळ्यात राग आला.

दुसरा नमुना का, तर जंतू पाण्यातच असल्यामुळे एखाद्या नमुन्यात तो नुसता पाहुणा म्हणून येऊ शकतो, किंवा नमुन्यातच बाहेरून मिसळलेला असू शकतो. त्यामुळे लक्षणं, सीटीवरच्या खुणा आणि निदान दोन वेगवेगळ्या वेळच्या कफात तोच जंतू (किंवा श्वासनलिकेत दुर्बीण घालून घेतलेल्या एका नमुन्यात) असं सगळं जुळलं तरच आजार म्हणतात. वर्षाहून जास्त काळ तीन औषधं घ्यायला लावण्याआधी एवढी खात्री नको? जुळल्यावरही कुणाला लगेच औषध, कुणाला काही काळ नजर ठेवून, हे ठरवावं लागतं. कॅव्हिटी किंवा एएफबी पॉझिटिव्ह असेल तर मात्र थांबत नाहीत.

पाच वर्षांचा आकडा बहुधा 2018 च्या एका एकत्रित अभ्यासाचा विपर्यास आहे. मॅकच्या पेशंटमध्ये पाच वर्षांत कुठल्याही कारणाने झालेले मृत्यू त्यात साधारण 27 टक्के आहेत. कुठल्याही कारणाने! यात वय झालेले, सीओपीडीवाले (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले), कॅन्सरवाले सगळे आले, आणि तरीही जवळजवळ तीन चतुर्थांश माणसं पाच वर्षांनंतर जिवंत होती. आजार किरकोळ आहे असं मी म्हणत नाहीये. कॅव्हिटी असेल, वजन फार कमी असेल, अ‍ॅबसेसस असेल तर अवघड जातं, आणि बरा झाल्यावर परत येणारेही बरेच, त्यात पुष्कळदा जुना जंतू उठत नाही, वातावरणातून नवाच लागतो.

शॉवरचं खरं आहे, शॉवरच्या तोंडात साचलेल्या बुळबुळीत थरात हे जंतू सापडतात, क्लोरीनलाही दाद देत नाहीत. पण तेच नळाच्या पाण्यात आणि कुंडीच्या मातीतही असतात, नुसता शॉवर बंद करून सुटका नाही. वाफेने बरं वाटत असेल तर घ्या, जंतू मरत नाहीत. खोकला दाबणारं सिरप मात्र मनाने नकोच, साठलेला कफ बाहेर यायलाच हवा, फिजिओ त्यासाठीच शिकवतात.

हा मेसेज वाचून कुणाच्या घरी आधीच एकटी अझिथ्रो चालू झाली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा आणि पुढच्या कफाच्या कल्चरवर क्लॅरिथ्रोमायसिनची सेन्सिटिव्हिटी (जंतूवर औषध चालतं का ती टेस्ट) करायला लावा. रिपोर्टवर अझिथ्रोचं नाव दिसलं नाही तर गोंधळू नका, मॅकमध्ये अझिथ्रो चालेल की नाही ते क्लॅरिथ्रोच्याच टेस्टवरून ठरवतात.