खांब नेमका कुठे कुजतो ते आधी पाहा

‘लाकूड कुजतं, म्हणून शेडला सरळ लोखंडी सांगाडाच करा’ हे शेड बांधण्यावरच्या लेखातलं म्हणणं मला अर्धवट वाटलं. आमच्या जुन्या शेडचा लाकडी खांब उकरून काढला, तेव्हा खोल पुरलेला भाग अजून टणक होता, वरचाही. कुजला होता तो फक्त जमिनीलगतचा वीतभर पट्टा. स्क्रूड्रायव्हर लोण्यात गेल्यासारखा आत गेला. ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात ना! तोच खांब काँक्रीटच्या पायावर, जमिनीपासून उचलून, लोखंडी पकडीत बसवला की हा प्रश्न बराचसा सुटतो. मात्र पुरलेल्या खांबाचा ताठपणा जातो, त्यामुळे तिरके टेकू द्यावेच लागतात.

लोखंडही बुडाशीच गंजतं, आणि गोठा असेल तर मूत्र-शेणामुळे फारच लवकर. नुसत्या रंगावर विसंबू नका, गॅल्वनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलंच घ्या.

आगीबद्दल लेखात एक ओळही नाही, याचं वाईट वाटलं. जाड तुळई बाहेरून कोळसा होत सावकाश जळते. उघडं पोलाद ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळपास निम्मी ताकद गमावतं.

मधे एकही खांब नको, असा रुंद गाळा हवा असेल तर मात्र लोखंडच सोयीचं.